डी अक्षरातला समुद्र

सिस्टर सिबिल्लाने आयुष्यात समुद्र पाहिला नव्हता, आणि तोवर त्यावाचून तिचं काही अडलंही नव्हतं. सात वर्षांची असताना काकाने तिला खेचरावर बसवून पोप्पी गावाच्या वरच्या अंगाला असलेल्या मठात आणून सोडलं. त्यानंतर तिने भिंतीबाहेर पाऊल टाकलं नाही. कपडे वाळत घालायच्या माळ्यावर एक खिडकी होती. तिथून खालचं खोरं दिसायचं, आणि खोऱ्यातून जाणारी आर्नो नदी. वर आमच्याकडे आर्नो म्हणजे केवढी, उन्हाळ्यात मेंढरं पोटं न भिजवता पार होतील एवढी. ही नदी, विहीर आणि धुण्याचा हौद. सिबिल्लाला पाणी माहीत होतं ते एवढंच.

मठातल्या पोथ्यांची चित्रं ती काढायची. समोर जे दिसे तेच ती पोथीत उतरवायची आणि कोणाची तक्रार नसायची. तिच्या बेथलेहेमातले मेंढपाळ आमच्या कासेन्तिनो खोऱ्यातल्या मेंढपाळांसारखे पायाला कातडी गुंडाळलेले असत. गव्हाणीतलं गाढव हे गिरणीवाल्याचं गाढव होतं, एक कान पडलेलं, आणि ते ओळखून सगळ्याजणी हसत.

मदर उमिल्याना यांनी त्या वर्षी नवी स्तोत्रपोथी करायला घेतली होती. जुनीची पानं कोपऱ्यांशी विरली होती, आणि मठात पोथी एकच. उंच लाकडी घोडीवर ती उघडून ठेवायची आणि सगळ्याजणींनी भोवती उभं राहून तिच्यात बघून गायचं. त्यामुळे नवी पोथीही तशीच हवी होती, दोघींनी मिळून उचलावी लागेल अशी. शब्द आणि सूर सिस्टर दोमितिल्ला लिहायची. जिथे स्तोत्र सुरू होई तिथे पहिल्या अक्षरापुरती जागा कोरी सोडून ती पान सिबिल्लाकडे द्यायची. ते अक्षर सिबिल्लाने सोन्याने मढवायचं आणि त्याच्या पोटात चित्र काढायचं, असा रिवाज.

उन्हाळ्याच्या तोंडावर पेंटेकॉस्टचा सण झाल्यावर दोमितिल्लाने एक पान तिच्या मेजावर आणून ठेवलं.

"हे घे. संत अंद्रियाच्या सणाच्या आदल्या दिवसाचं. डी अक्षर आहे, पोट भरपूर मोठं सोडलंय. नंतर म्हणू नकोस जागा पुरली नाही."

सिबिल्लाने लॅटिनमधली ओळ वाचली. प्रभू गालीलाच्या समुद्राकाठी होता, तिथे त्याने दोघा भावांना पाहिलं, पेत्र आणि अंद्रिया.

"समुद्र," ती म्हणाली.

"हो, समुद्र. त्याला काय झालं? निळा रंग संपलाय का?"

रंग होता. सिबिल्लाला चित्रं शिकवणाऱ्या म्हाताऱ्या सिस्टरने मागे ठेवलेले नमुन्याचे कागदही होते. त्यांतल्या एकावर समुद्र होता, नागमोडी रेघांचा, एकाखाली एक. सिबिल्लाने त्या रेघा एका वाया गेलेल्या चर्मपत्राच्या तुकड्यावर निळ्याने उतरवल्या, पांढऱ्याने कडा काढल्या आणि सिस्टर रानिएराला दाखवल्या. रानिएरा पिसाच्या एका कापडव्यापाऱ्याची विधवा. नवरा गेल्यावर मठात आलेली, आणि पिसाला समुद्र जवळ, हे सगळ्यांना ठाऊक होतं कारण ती ते विसरू देत नसे.

रानिएराने तुकडा हातात धरला, लांब नेला, जवळ आणला.

"कोणाचे केस विंचरलेस गं हे?"

"समुद्र आहे तो."

"असा? अगं बाई, समुद्र हिरवा असतो. म्हणजे, आमचा तरी हिरवा. आणि त्याला असा भांग पाडलेला नसतो." मग तिने बंदरावर उतरणाऱ्या लोकांच्या पोशाखांबद्दल बरंच सांगितलं. एका व्यापाऱ्याच्या झग्याला आतून कोल्ह्याचं कातडं होतं, तेही जूनमध्ये. समुद्राबद्दल ती आणखी काही बोलली नाही.

पुढच्या आठवड्यात सिबिल्लाचा भाऊ मेओ भेटीला आला. भेटीच्या खोलीत मधे जाळी असे. पलीकडे तो, अलीकडे ती. मेओ खेचरांचा व्यापार करी आणि एकदा पिओम्बिनोच्या बंदरापर्यंत माल घेऊन गेला होता.

"समुद्र कसा असतो रे, मेओ?"

"कसा म्हणजे? पाणी."

"ते कळलं."

"खूप पाणी." त्याने डोकं खाजवलं. "सपाट. मेजासारखा. रंग म्हणशील तर मी गेलो तेव्हा करडा होता, या भिंतीसारखा. तिथे एक खेचर लंगडं झालं माझं. पाणी बघत बसायला मला वेळ होता कुठे?"

म्हणजे एकीचा हिरवा, दुसऱ्याचा करडा, नमुन्यातला निळा. सिबिल्ला हे रानिएराला सांगत असताना रानिएरा सहज म्हणाली, "मग स्वयंपाकघरात विचार की. ती नास्तासिया तिकडचीच ना. समुद्राकाठची, मरेम्मातली. बोलते कशी ती, ऐकलं नाहीस कधी?"

सिबिल्ला वरमली. नास्तासियाच्या हातचं ती इतकी वर्षं जेवत होती. पण गाणाऱ्या सिस्टर वेगळ्या आणि काम करणाऱ्या सिस्टर वेगळ्या. पहिल्यांना घरून हुंडा आलेला, दुसऱ्यांनी येताना हात तेवढे आणलेले. या दुसऱ्या जाळीच्या पडद्यामागे उभ्या राहून प्रार्थना करत, आणि त्या कुठून आल्या हे कोणी विचारत नसे.

नास्तासिया चुलीपाशी बसून शेंगांतून घेवड्याचे दाणे काढत होती. पन्नाशीची, रुंद खांद्यांची बाई. सिबिल्ला आत आलेली पाहून ती उठायला लागली.

"बस, बस. मी एक विचारायला आले. तू समुद्राकाठची ना?"

"कोण म्हणालं?"

"रानिएरा."

"सिस्टर रानिएरांना बरंच ठाऊक असतं." नास्तासियाने दाणे परातीत टाकले. "तालामोने गावची. फार वर्षं झाली. मला नाही आठवत काही."

"रंग तरी? मला चित्र काढायचंय. कोणी हिरवा म्हणतं, कोणी करडा."

नास्तासियाने हातातली शेंग तशीच धरली आणि जरा विचार केला. प्रश्न तिने खरंच मनावर घेतला होता.

"रंग कोण बघतं, सिस्टर?" ती म्हणाली. "मी होडी येतेय का ते बघायची."

ती पुन्हा शेंगा सोलू लागली. सिबिल्ला परत गेली, पण तो चर्मपत्राचा तुकडा दुसऱ्या दिवशी घेऊन आली. या वेळी तिने हिरवा आणि करडा मिसळून पाणी सपाट रंगवलं होतं, मेओच्या मेजासारखं, आणि वर एक होडी. नास्तासियाने हात पुसले आणि वाकून पाहिलं.

"हा आपला हौद आहे," ती म्हणाली. "धुण्याचा."

"का?"

"याच्यात वाकून बघता येतं. समुद्रात कोणी वाकून बघत नाही." तिला नीट सांगता येईना, म्हणून तिने ओला हात उंच करून हवेत एक आडवी रेघ ओढली, स्वतःच्या कपाळाच्या उंचीवर. "वाळूचं टेकाड चढून वर आलं की तो समोर उभा असतो. असा. भिंतीसारखा. आपण वर आणि तो खाली असं वाटतच नाही. लहानपणी मला वाटायचं, हा सांडत कसा नाही?"

सिबिल्लाला हे खरं वाटेना. पाणी वर कसं दिसेल? पण मेजाशी गेल्यावर तिने दुसऱ्या तुकड्यावर अक्षर आखून क्षितिजाची रेघ त्याच्या पोटात पार वर नेली, माणसांच्या डोक्यांच्या वर, आणि होडी त्या उभ्या पाण्यात मधोमध ठेवली. एकदम काहीतरी झालं. पाणी मोठं झालं. तिने ते दोन-तीनदा काढून बघितलं, आणि प्रत्येक वेळी ते तसंच मोठं दिसलं.

तेव्हापासून ती दुपारच्या प्रार्थनेनंतर स्वयंपाकघरात जाऊ लागली. मदरची परवानगी तिने घेतली होती. दोमितिल्ला कुरकुरली, "अक्षर चुलीवर शिजवायचंय वाटतं." नास्तासियाचं सांगणं काही सरळ नव्हतं. आज म्हणे होडीच्या नाकाडावर डोळा रंगवलेला असतो, उद्या म्हणे तो फक्त परक्यांच्या होड्यांवर. जाळी कुठल्या रंगाची विचारलं तर ती जाळ्यांना येणाऱ्या वासाबद्दल सांगायची. लाट कशी येते ते दाखवायला तिने एकदा परातीत मसूर घेऊन परात हलवली, आणि निम्मा मसूर जमिनीवर गेला. दोघी गुडघ्यांवर बसून तो वेचत होत्या तेवढ्यात मदर उमिल्याना दारातून डोकावल्या आणि पुढे गेल्या.

मसूर वेचतानाच नास्तासियाने विचारलं, "पण सिस्टर, ते गाणं आहे कशाचं?"

सिबिल्लाने लॅटिन सोडून सांगितलं. "दोघं भाऊ मासे धरत होते. प्रभू काठावर आला आणि म्हणाला, माझ्यामागे या, मी तुम्हाला माणसं धरणारे करीन. आणि ते जाळी तिथेच सोडून त्याच्या मागे गेले."

"कधी?"

"लगेच. शुभवर्तमानात तसंच लिहिलंय. लगेच."

"घरी न सांगता?"

"ते लिहिलेलं नाही."

"पेत्राला बायको होती ना? सासू होती म्हणजे बायको असणारच. त्या सासूचा ताप उतरवला होता प्रभूने, फादर सांगतात."

"होती."

"मग जाळी कोणी गोळा केली?"

सिबिल्ला मसूर वेचत राहिली. नास्तासियाने मुठीतले दाणे फुंकर मारून परातीत टाकले आणि, चुलीवर काय ठेवलंय ते सांगावं तशा आवाजात, स्वतःची हकिगत सांगितली. तिचा नवरा वान्नी आणि तिचा भाऊ सान्ती एकाच होडीवर जायचे. एका सकाळी खाडीत एक जेनोव्हाचं गलबत पाण्यासाठी थांबलं. कप्तानाला माणसं हवी होती. गडी तोंडाचा गोड, अंगावर लाल कोट. तो काठावर उभा राहून बोलला आणि हे दोघे ऐकत उभे राहिले. दुपारपर्यंत गलबत गेलं, त्यात हे दोघेही गेले. होडी वाळूवर तशीच, जाळं अर्धं पाण्यात.

"मी पेज घेऊन गेले होते," नास्तासिया म्हणाली. "शेजारच्या म्हाताऱ्याने सांगितलं. मला वाटलं थट्टा करतोय. तो थट्टेखोरच होता."

"मग?"

"मग काय. जाळं ओढलं बाहेर. जड असतं ओलं जाळं. आणि वाट बघितली."

"ते बुडाले का?"

"कोणास ठाऊक. बुडाले असतील, नाहीतर कुठे तरी दुसऱ्या बायका करून बसले असतील. कोणी येऊन सांगितलं नाही." ती उठली, गुडघे धरून. "प्रभूचं वेगळं, सिस्टर. तो कप्तान नव्हे. मी तसं म्हणत नाही. पण ऐकताना मला मागचंच दिसतं. पुढे जाणारे दिसत नाहीत."

सिबिल्लाला त्या दिवसानंतर दुसरं काही सुचेना. तिने खरं पान घेतलं आणि शिशाच्या टोकाने चित्र आखलं. डावीकडे प्रभू, निघालेला, मान मागे वळवून हात पुढे केलेला. त्याच्यामागे दोघं भाऊ, एकाचा पाय अजून पाण्यात. वर उभा समुद्र. आणि उजवीकडे, अक्षराच्या पोटाची गोलाई जिथे आत वळते तिथे, काठावर ओढलेल्या होडीपाशी एक बाई. दोन्ही हातांनी जाळं ओढणारी, पाठीत वाकलेली, नजर जाणाऱ्यांकडे.

आधी तिने अक्षराला सोनं लावलं. वर्ख बसवायच्या जागेवर तोंडाची वाफ सोडली, वर्ख टेकवला, कुत्र्याच्या सुळ्याने घासून तो चकचकीत केला. मग पाणी, काठाजवळ हिरवट करडं आणि वर जाईल तसं निळं. सगळ्यांचं थोडं थोडं खरं धरलं. शेवटी माणसं. बाईला तिने सर्वांत जास्त वेळ दिला. तिचा चेहरा एका दाण्याएवढा, पण त्यावर काय आहे ते कळत होतं. सिबिल्लाला आतून माहीत होतं की इतकं चांगलं तिने आजवर काही काढलेलं नाही. हा गर्व आहे हेही तिला माहीत होतं, आणि तिने तो फादरांसमोरच्या पापकबुलीसाठी बाजूला ठेवून दिला.

मदर उमिल्याना पान खिडकीशी घेऊन उभ्या राहिल्या.

"शुभवर्तमानात ही बाई नाही," त्या म्हणाल्या.

"नाही, मदर."

"पण असेल. कोणीतरी असेलच." त्यांनी पान खाली ठेवलं नाही. "राहू दे. छान आहे."

दोमितिल्लानेही मान डोलावली, आणि दोमितिल्लाची मान सहजासहजी डोलत नसे. रानिएराच्या डोळ्यांत पाणी आलं, तिला नवरा आठवला.

काम करणाऱ्या सिस्टरना लिहिण्याच्या खोलीत यायची मुभा नव्हती, म्हणून सिबिल्लाने मदरना विचारून पान एका फळीवर ठेवलं, वरून कापड घातलं आणि ते स्वयंपाकघरात नेलं. नास्तासियाला काय वाटेल याची तिला एवढी खात्री होती, की जाताना तिचे पाय हलके झाले होते.

नास्तासियाने आधी समुद्र पाहिला. "हां," ती म्हणाली. "उभा आहे." मग तिची नजर काठाने सरकत उजवीकडे गेली आणि थांबली. चुलीवर काहीतरी उतू गेलं, तिचं लक्ष नव्हतं.

"ही कोण?"

"तू. म्हणजे तू नव्हे, पण तुझ्यासाठी काढली. तू विचारलंस ना, जाळी कोणी गोळा केली."

"मी विचारलं. काढा असं नव्हते म्हणाले."

सिबिल्लाला कळेना. "आवडली नाही?"

"काढून टाका तिला, सिस्टर."

"का?"

नास्तासियाने भांडं चुलीवरून उतरवलं, फडक्याने कड पुसली.

"मी दोन हिवाळे वाट बघितली. रोज टेकाड चढून. मग तिसऱ्या वर्षी मे महिन्यात तुमच्याकडचे मेंढपाळ हिवाळा काढून मरेम्मातून वर परत निघाले, आणि मी त्यांच्याबरोबर निघाले. त्यांच्या भाकऱ्या भाजत, चालत. होडी विकली नाही, कोणाला सांगितलं नाही, मागे वळून बघितलं नाही. लोक म्हणाले असतील, बघा, हीसुद्धा गेली. म्हणू देत. मी निघाले म्हणून जगले. आणि तुम्ही मला परत नेऊन तिथे उभं केलंत." तिने बोट पुढे केलं पण पानाला लावलं नाही. "हे किती वर्षं टिकतं?"

"नीट ठेवलं तर... पुष्कळ. आपण सगळ्या गेल्यावरही."

"मग बघा."

सिबिल्ला फळी उचलून निघून आली. तिला राग आला होता, आणि तो ओसरायला वेळ लागला. पान मेजावर पडून राहिलं, ती दुसऱ्या अक्षरांचं काम करत राहिली. ती स्वतःशी भांडायची. बाई पोथीतली आहे, नास्तासियाची नव्हे. मदरना आवडली आहे. नास्तासिया पडद्यामागे उभी असते, तिला हे पान पुन्हा कधी दिसणारही नाही. आणि तो चेहरा, तो पुन्हा जमेल का? स्वयंपाकघरात तिने जाणं सोडलं. जेवताना वाढायला नास्तासिया आली की दोघी ताटाकडे बघत.

सप्टेंबर सरत आला तसे मेंढपाळ खाली मरेम्माकडे निघाले. दरवर्षी ते मठाच्या भिंतीखालच्या वाटेनेच जातात. घंटांचा आवाज सकाळभर येत राहतो. सिबिल्ला माळ्यावर सुकलेल्या चादरी काढायला गेली होती. खिडकीतून तिला वाट दिसत होती, धुळीत चाललेली मेंढरं, कुत्री, गाढवावर बांधलेली भांडी. आणि अंगणही दिसत होतं. अंगणात नास्तासिया कोबीच्या वाफ्यात वाकून तण काढत होती. घंटा जवळ आल्या. नास्तासियाने मान वर केली नाही. त्या भिंतीखाली आल्या तेव्हा तिने खुरपं ठेवलं, दोन्ही मातीचे हात कानांवर दाबले आणि तशीच वाकून राहिली. शेवटची घंटा वळणापलीकडे जाईपर्यंत. मग खुरपं उचलून कामाला लागली.

सिबिल्ला चादरी तिथेच टाकून खाली गेली आणि मदर उमिल्यानांच्या खोलीशी उभी राहिली.

"ती बाई मी काढून टाकते आहे, मदर."

"कोणी सांगितलं? फादरनी?"

"नास्तासियाने."

मदरनी भुवया उंचावल्या. "स्वयंपाकीण सांगते म्हणून आपण पोथी खरवडायची?"

"ती तिची आहे, मदर. मी न विचारता घेतली."

"मला आवडली होती ती," मदर म्हणाल्या. "गाताना मी तिच्याकडेच बघितलं असतं, पुढच्या माणसांकडे नाही." मग त्यांनी उसासा सोडला. "आणि बहुधा सगळ्यांनीच. जा. पण चर्मपत्राला भोक पाडू नकोस, दुसरं मिळायचं नाही."

रंग खरवडायला बारीक सुरी लागते आणि श्वास रोखून धरावा लागतो. आधी चेहरा गेला, तो सगळ्यांत पातळ होता. मग हात, मग पाठ. सिबिल्लाला वाटलं होतं आपल्याला रडू येईल, पण हाताकडे लक्ष देण्यातच सगळं गेलं. खाली चामड्याची लव उठली होती. तिने ती खडूने आणि बोटाने दाबली, पण जागा पहिल्यासारखी गुळगुळीत झाली नाही. त्यावर तिने वाळूचा रंग दिला, तो इतर ठिकाणच्यापेक्षा खरखरीत बसला. होडी तिने राहू दिली. जाळं अर्धं पाण्यात.

संत अंद्रियाच्या सणाच्या आदल्या दिवशी ते पान पहिल्यांदा घोडीवर उघडलं. सकाळची थंडी इतकी होती की गाताना प्रत्येकीच्या तोंडातून वाफ निघत होती. सोनं मेणबत्त्यांत चमकलं, आणि सिबिल्लाने पाहिलं की पहिल्या रांगेतल्या दोघी-तिघी सूर धरायच्या आधी क्षणभर थबकल्या. मग दोमितिल्लाने डोळे वटारले आणि सगळ्या गाऊ लागल्या. पडद्यामागून काम करणाऱ्या सिस्टरांचा आवाज आला. त्यांना शब्द येत नसत, पण चाल येई, तेवढी त्या धरत.

बाहेर पडताना रानिएरा तिच्याजवळ आली. "ती बाई कुठे गेली गं?"

"गेली."

"बरी होती. पण वाळू मात्र झकास साधलीस. अगदी पायाला टोचेल अशी."

दुपारी सिबिल्ला कित्येक आठवड्यांनी स्वयंपाकघरात गेली. काय म्हणायचं ते तिने ठरवलं नव्हतं. नास्तासिया मोठ्या टोपल्याशी बसून भाजलेले चेस्टनट सोलत होती. तिने पायाने एक तिपाई पुढे सरकवली. सिबिल्ला बसली आणि तीही सोलायला लागली. तिची बोटं सोन्याला, रंगाला सरावलेली. गरम साल तिला धरवेना. नास्तासियाने ते पाहिलं.

"असं नाही. आधी डोकं फोडायचं त्याचं."

तिने दाखवलं तसं सिबिल्लाने केलं. थोडा वेळ दोघी सोलत राहिल्या. चित्राचं नास्तासियाने विचारलं नाही आणि सिबिल्लाने सांगितलं नाही. बाई खरवडल्याचं नास्तासियाला कळलं होतं हे उघड होतं, मठात काही लपत नाही.

"तालामोनेला माकूल मिळायचं," नास्तासिया एकदम म्हणाली.

"ते काय?"

"समुद्रातलं जनावर. पिशवीसारखं, तोंडाला हात फुटलेले. धरलं की काळं पाणी सोडतं, शाईसारखं. आम्ही पोरी खडकांत जाऊन धरायचो, मी आणि माझी चुलतबहीण. एकदा पाद्र्याचे पांढरे झगे वाळत घातले होते. बहीण म्हणाली, लांबून नेम धर. मी माकूल धरलं आणि दाबलं." ती थांबली, आणि तिचे खांदे हलू लागले. "ईस्टरचे झगे होते, सिस्टर. सगळ्या गावासमोर तो ठिपक्याठिपक्यांचा होऊन उभा राहिला. दुसरा नव्हताच त्याच्याकडे."

सिबिल्ला हसली, मग तिलाही आवरेना. डोळे पुसून ती म्हणाली, "त्या काळ्या पाण्याने लिहिता येतं का?"

"येत असेल. आम्हाला कुठे लिहिता येत होतं?" नास्तासियाने सालींची परात बाजूला केली. "पण माझ्या हातावरून आठवडाभर गेलं नाही, एवढं खरं. आणि आई म्हणाली..."

आई काय म्हणाली ते ती सांगू लागली, आणि सिबिल्लाने टोपल्यातून पुढचा चेस्टनट घेतला.